आत्यांचा तांब्या

१८ मे, रात्री साडेदहा

आत्यांना घरी आणून आज चौथा दिवस. गोधडीला अजून दवाखान्याचा वास येतो. उद्या धुवीन म्हणते, पण नळ येणार परवा पहाटे, आणि टाकीतलं पाणी तोवर पुरवायचं आहे.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात, नात्यातलं लग्न असो वा नसो. आधारवर त्यांचं वय ७४. पण "रझाकारीत मी मायच्या कडंवर होते" असं त्या सांगतात, म्हणजे निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनच्या, १९४८च्या आधीचा जन्म. कागद पाच-सहा वर्षांनी तरुण आहे.

त्या रात्रीचं लिहायचं राहून गेलंय. आज लिहूनच झोपते.

रात्री एकच्या सुमारास मला त्यांच्या ओरडण्यानं जाग आली. आत्या पलंगावरून खाली उतरून भिंतीला हात लावून उभ्या होत्या. "भुई हालायली, लेकरं काढा भाईर!" मी दिवा लावला, हात धरला, तर मला ओळखेनात. "कोण गं तू? माही पोरगी कुठंय?" ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाची पहाट त्यांच्यासाठी पुन्हा उजाडली होती. त्यांचं गाव किल्लारीपासून जवळच. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपलेले, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सगळं खाली आलं. माझ्या ननंदेला, दहा वर्षांच्या पोरीला, आत्यांनी हातानं माती उकरून बाहेर काढलं होतं. एरवी त्या याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. त्या रात्री मात्र त्यांनी माझ्या मनगटावर नखं रुतवली. वळ अजून आहे.

दुसऱ्या दिवशी जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं दोन मिनिटांत निकाल लागला: वय झालंय, असं होतंच, झोपेची गोळी लिहून देतो. दिली. मग आत्या दिवसभर अर्धवट झोपेत. तोंडात वरणभात तसाच धरून ठेवायच्या. पुण्याहून ह्यांचे फोन, गावाकडून भावकीचे फोन. कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे बाहेरचं आहे, कुणी म्हणे आता म्हातारपणी मेंदू सुकतोच. सल्ला द्यायला काय, रिचार्ज तर भरलेलाच असतो.

संध्याकाळी गल्लीतली एक मुलगी आली, नर्स आहे. आल्या आल्या तिनं एकच विचारलं, "काकू, आज लघवी किती वेळा झाली?"

मला माहीत नव्हतं. शाळेत बेचाळीस लेकरांची हजेरी मी तोंडपाठ सांगते, आणि घरात ह्या एका बाईनं किती पाणी प्यालं, किती वेळा बाहेर गेली, याचा मला पत्ता नाही.

रात्रीच मोठ्या दवाखान्यात भरती केलं. लघवीत जंतुसंसर्ग आणि रक्तातलं सोडियम घसरलेलं. ताप औषधालाही नव्हता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. विसराळूपणाचा आजार महिन्या-वर्षांनी हळूहळू चढतो, हे मात्र दोन दिवसांत झालं. म्हातारं माणूस असं अचानक भ्रमल्यासारखं वागायला लागलं की आधी कारण शोधायचं: संसर्ग, पाणी कमी पडणं, क्षार कमी होणं, एखादी गोळी, पडून डोक्याला लागलेला मार, तुंबलेली लघवी. म्हातारपणी लघवीचा संसर्ग पुष्कळदा ताप न दाखवता असा डोक्यातूनच दिसतो म्हणे. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं आणि ती मी इमानदारीनं रोज रात्री जेवणानंतर देत होते. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली आणि नवी सकाळी द्यायला सांगितली. झोपेची गोळी बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "शाळंला न्हाई गेलीस? पगार कापतील की."

मी तिथंच खाटेच्या पायथ्याशी बसून रडले.

मग हळूहळू खरं बाहेर आलं. आत्या पाणी पितच नव्हत्या. आधी दिवस मावळल्यावर बंद केलं, मग दुपारी चारनंतर, मग नुसता सकाळचा चहा आणि गोळीपुरता घोट. "राती तीनदा उठाव लागतंय माय. तू दिवसभर शाळा करून येतीस. तुला काय उठवायचं?" आमचं बाथरूम मागच्या अंगणात, दोन पायऱ्या उतरून. उन्हाळ्यात लाईट जाते तेव्हा तिथं काहीच दिसत नाही. मागच्या दिवाळीत त्या तिथंच घसरल्या होत्या आणि मला सांगितलं नव्हतं. वर पाण्याचा हिशेब. एप्रिल २०१६ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आत्या आमच्याकडंच होत्या. भांडी विसळलेलं पाणी संडासाला, अंघोळीचं झाडाला, ही शिस्त त्यांनीच घराला लावली. ती शिस्त त्यांनी स्वतःच्या घशालाही लावली. वयानं तहानही कमी लागते, त्यामुळं शरीरानं तक्रार केली नाही.

खरं सांगायचं तर मला आधी राग आला. दया नंतर आली. मला न सांगता माझ्यावर उपकार करायला कुणी सांगितलं होतं?

१९ मे, दुपार

कमोडची खुर्ची आली. आत्यांनी तिच्याकडं पाठ केली. "घरात असलं? देव्हाऱ्याच्या घरात?" पलंगाला पडदा लावला, खुर्ची पडद्याआड. तरी नाहीच. ननंद उदगीरहून आठ दिवसांसाठी आली आहे. तिनं आईला सुनावलं, "तू मला मातीतून काढलीस, आता मला लाजतीस व्हय?" रात्री तिघींनीही खुर्चीचा विषय काढला नाही. सकाळी भांडं भरलेलं होतं.

ननंद आल्या दिवशीच म्हणाली, वहिनी, रात्र माझी. मी सलग सहा तास झोपले, तेही किती दिवसांनी. ह्यांनी पैसे पाठवले, ते लागतातच, तक्रार नाही. पण माझ्या रजा संपत आल्या आहेत आणि रात्री उठायला पैसे येत नाहीत.

सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट नसलेलं पाच लाखांचं आयुष्मान कार्ड २०२४ पासून मिळतं, हे मला ऐकून माहीत होतं. काढलं मात्र डिस्चार्जनंतर, काल. मशीनवर आत्यांचा अंगठाच उमटेना. जन्मभर खुरपं आणि कापूस, बोटं घासून गुळगुळीत. मशीनवरचा पोरगा म्हणाला, चेहऱ्यानं करू. "आजी, डोळे मिचकवा." आत्या डोळे वटारून बसल्या. चौथ्यांदा जमलं.

२० मे, पहाटे पाच

साडेतीनला नळ आला. ड्रम, हंडे, बादल्या, सगळं भरलं. गोधडी भिजत घातली.

डॉक्टरीणबाईंनी आत्यांना दिवसाला दीड लिटर सांगितलंय. हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असतं तर आकडा वेगळा असता, असंही बजावलंय. आत्यांचा तांब्या मेडिकलच्या मापानं मोजला, काठापर्यंत ६०० मिली. म्हणजे दिवसात अडीच तांबे, त्यातला बराचसा संध्याकाळी सहाच्या आत. वहीत रेघा मारते. काल रात्री आत्यांनी वही मागून घेतली, बोटानं रेघा मोजल्या आणि वाद घातला.

"च्या कुठं लिवला न्हाईस. च्या पाणी न्हाई का?"

फोन करून विचारलं. चहाही मोजायचा म्हणे. दोन कप मागाहून लिहिले.