रशियन शब्द आणि मिठाईचा खोका

रशियन शिकायचं म्हटलं की लोकांना आधी लिपीची धास्ती वाटते. खरं तर लिपी हा त्यातला सगळ्यात स्वस्तातला भाग. अक्षरं सारी ३३, त्यातल्या दोघांना तर स्वतःचा आवाजही नाही. इंग्रजी 'पी'सारखं दिसतं ते 'र', 'एच'सारखं दिसतं ते 'न', 'सी' म्हणजे 'स' आणि 'बी' म्हणजे 'व', एवढी गल्लत निस्तरली की पाट्या वाचता येतात. माझ्या भाच्यानं सुरुवातीला एका पाटीचा फोटो दाखवून विचारलं होतं, "आत्या, हे पेक्टोपाह काय असेल गं?" ते 'रेस्तरान' होतं.

खरी कटकट पुढं आहे. शब्द वाचला, अर्थ बघितला, वहीत उतरवला, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर डोक्यात काहीच नाही.

भाचा मेडिकलला काझानला जाणार हे ठरलं, तेव्हा हे सगळं सुरू झालं. शिकवणार इंग्रजीतून, पण वॉर्डातला पेशंट बोलणार रशियनच. तेव्हा जायच्या आधी थोडी भाषा करून जा, असं घरात ठरलं. एकट्याला कंटाळा येतो म्हणून त्यानं मलाही बसवलं. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका कारखान्यात हिशेब बघते. भाषांशी माझा संबंध दहावीच्या संस्कृतपर्यंतचा. तो गेला, मी मात्र सोडलं नाही.

आम्ही ज्या वर्गाला जात होतो तिथं पहिल्याच दिवशी शब्दांच्या यादीची झेरॉक्स हातात पडली. डावीकडं रशियन, उजवीकडं इंग्रजी अर्थ, सगळं वर्णानुक्रमानं. अशी यादी घोकली की यादीचा क्रम पाठ होतो, शब्द नाही. मधूनच एखादा विचारला की वरून म्हणत यावं लागतं. शिवाय सारख्या दिसणाऱ्या शब्दांची रांगच्या रांग एकाखाली एक येते आणि ते एकमेकांत मिसळून जातात. पण मला त्याहून मोठा घोटाळा दिसला तो उजवीकडच्या रकान्यात.

नात्यांचं पान काढलं होतं. 'द्येविर' म्हणजे ब्रदर-इन-लॉ. 'शूरिन' म्हणजे ब्रदर-इन-लॉ. 'झ्यात' पण तेच, 'स्वयाक' पण तेच. चार शब्द आणि अर्थ एकच! भाचा वैतागला. मी मात्र खुणा करून बघितल्या: नवऱ्याचा भाऊ, बायकोचा भाऊ, बहिणीचा नवरा, बायकोच्या बहिणीचा नवरा. म्हणजे दीर, मेहुणा, भावोजी, साडू. ('झ्यात' जावयालाही म्हणतात.) आपल्याकडं प्रत्येकाला नाव आहे, त्यांच्याकडं प्रत्येकाला नाव आहे, आणि मध्ये उभ्या असलेल्या इंग्रजीकडं ते नाही. त्यात 'द्येविर' म्हणजे तर आपला सरळसरळ देवर, दीर. तोंडानं मोठ्यानं म्हणून बघा. मी त्या रात्री यादीतला इंग्रजी रकाना घडी घालून मागं दुमडला आणि प्रत्येक शब्दापुढं मराठी लिहायला घेतलं.

तिथून पुढं गाडी सुरू झाली, असं म्हणायला हरकत नाही.

संस्कृत आणि रशियन एकाच मोठ्या भाषाकुळातल्या, हे पुस्तकात वाचलेलं असतं. त्याचा शब्द लक्षात ठेवायला इतका उपयोग होतो हे करून बघितल्यावर कळतं. 'अगोन' म्हणजे अग्नी, 'द्व्येर' म्हणजे दार, 'ब्रात' म्हणजे भाऊ, 'न्येबा' म्हणजे आकाश (नभ), 'म्योद' म्हणजे मध, 'म्यासा' म्हणजे मांस, 'व्दवा' म्हणजे विधवा, 'स्नखा' म्हणजे सून, म्हणजे लग्नपत्रिकेतली स्नुषा. 'ल्युबीत' म्हणजे प्रेम करणं, तो आपल्या पत्रातला 'लोभ असावा' मधला लोभ. 'सुखोय' म्हणजे सुका, कोरडा. आपल्या हवाई दलाची सुखोई विमानं ज्यांच्या नावाची आहेत त्या पावेल सुखोई यांचं आडनाव तेच. मटण सुक्कं खाणाऱ्या गावाला हा शब्द पाठ करावा लागू नये. आणि 'साखर'! उच्चारसुद्धा जवळपास आपलाच, फक्त 'ख' जरा घशातून घासून काढायचा. आपल्या शर्करेनं ग्रीकमार्गे तिकडं जाताना जे रूप घेतलं ते मराठीच्या इतकं जवळ येऊन थांबलंय.

भाच्यानं जाताना मॉस्कोच्या मेट्रोतली घोषणा रेकॉर्ड करून पाठवली होती: 'अस्तरोझ्ना, द्व्येरी झक्रिवायुत्सा.' सांभाळा, दारं बंद होताहेत. वाक्यातलं बाकी काही येत नव्हतं तरी 'द्व्येरी' कानाला पकडता आलं, आणि त्याच्या आधाराने उरलेले दोन शब्दही राहिले.

इथं एक सांगते. या नातेवाईक शब्दांचा मोह फार असतो. दिवसभर तेच शोधत बसावंसं वाटतं. पण रोज लागणाऱ्या शब्दांत असे थोडेच. 'द्येविर' मी मोठ्या अभिमानानं भाच्याला ऐकवला, तर म्हणाला, "आत्या, इथल्या माझ्या वयाच्या पोरांनाच तो धड येत नाही. ती सरळ 'नवऱ्याचा भाऊ' म्हणतात." मग मी परीक्षेच्या यादीचा आधार घेतला. परदेशी लोकांसाठी रशियनची जी सरकारी परीक्षा असते तिच्या प्रत्येक पायरीला किमान किती शब्द यावेत हे ठरवून दिलेलं आहे: सगळ्यात खालच्या पायरीला ७८०, त्यापुढं १३००, त्यापुढं २३००. एवढे आले की बरंच चालतं. समुद्र उपसायचा नाही हे कळलं की जीव थाऱ्यावर येतो.

जिथं नातं सापडत नाही तिथं दुसरी युक्ती, आवाजावरून चित्र. हिला चांगला आधार आहे, तोही नेमका रशियनचाच. रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी एका सहकाऱ्याबरोबर स्टॅनफर्ड विद्यापीठात १२० रशियन शब्दांवर केलेला प्रयोग १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. रशियन शब्दाच्या आवाजासारखा ओळखीचा शब्द घ्यायचा आणि त्याचं अर्थाशी चित्र जोडायचं. असं करणाऱ्या विद्यार्थ्यांना ७२ टक्के शब्द आठवले, न करणाऱ्यांना ४६ टक्के. सहा आठवड्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा दोन्ही गट घसरले, पण फरक राहिला: ४३ आणि २८. ओळखीचे शब्द अर्थातच इंग्रजी होते. आपण इंग्रजीचे कशाला घ्यायचे?

'मुका' म्हणजे पीठ. आमचा गिरणवाला मुका आहे, पीठ देताना बोटानंच पैसे सांगतो, असं चित्र केलं. (खरा गिरणवाला अखंड बोलतो, म्हणून तर ते जास्त लक्षात राहिलं.) 'राना' म्हणजे लवकर. रानात जायचं तर लवकर उठायला पाहिजे. संपला विषय. 'रुका' म्हणजे हात: ट्रॅफिक पोलीस हात वर करून 'रुका' म्हणतोय. असली चित्रं जितकी खुळी तितकी टिकतात. मात्र ती आपली आपण करावी लागतात. भाच्याची चित्रं मला चालत नाहीत, माझी त्याला चालत नाहीत. आणि क्रियापदांना, 'कारण', 'तरीही', 'बहुधा' असल्या शब्दांना हे जमत नाही. तिथं अख्खं वाक्यच घ्यावं लागतं.

यात एक खाच आहे, ती म्हणजे आघात. रशियनमध्ये शब्दाच्या कुठल्या भागावर जोर द्यायचा याला ठाम नियम नाही आणि छापील मजकुरात तो दाखवत नाहीत. 'मुका' मध्ये शेवटी जोर दिला तर पीठ, आधी दिला तर यातना. पहिल्या अक्षरावर जोर देऊन 'झामक' म्हटलं तर गड, दुसऱ्यावर दिला की 'झमोक', म्हणजे कुलूप. पन्हाळा झामक, त्याच्या दरवाजाला झमोक. शिवाय जोर नसलेला 'ओ' तोंडात 'अ' होतो: लिहायचं 'मोलोको', म्हणायचं 'मलको', म्हणजे दूध. म्हणून डोळ्यांनी पाठ केलेला शब्द कानाला ओळखूच येत नाही. यावर उपाय एकच, प्रत्येक शब्द आधी ऐकायचा. भाचा व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या रूममेटच्या आवाजात शब्द पाठवतो आणि मी रंकाळ्यावर फिरताना ते ऐकत मागोमाग म्हणत जाते. ओळखीचे लोक विचारतात, "काय वैनी, एकट्याच बोलालाय?" आता सवय झालीय त्यांनाही.

शब्दांचा खरा साठा वाढला तो उपसर्गांनी. शाळेत आहार, विहार, संहार, परिहार शिकवतात ना, धातू एकच आणि पुढचा तुकडा बदलला की अर्थ कुठल्या कुठं. रशियन अशीच चालते. 'खोद' म्हणजे चाल, जाणं. 'व्खोद' म्हणजे आत जायची वाट, 'वीखद' म्हणजे बाहेर पडायची, 'पिरिखोद' म्हणजे रस्ता ओलांडायची जागा. या तिन्ही पाट्या काझानच्या रस्त्यावर पावलोपावली आहेत. 'वस्खोद' म्हणजे सूर्योदय: 'वस्' म्हणजे वर, आणि आपल्या 'उदय' मध्येही 'वर जाणं'च आहे. पण मी खूश झाले ते 'दखोद' आणि 'रसखोद' बघून. 'द' म्हणजे पर्यंत, 'रस' म्हणजे इकडं तिकडं. आपल्यापर्यंत चालत येतं ते उत्पन्न, चहूकडं पांगतं तो खर्च. जन्मभर जमाखर्च लिहिणाऱ्या बाईला याहून चांगली व्याख्या कोण देणार. एका धातूचं कुटुंब असं एका पानावर मांडलं की दहा-बारा शब्द एकदम हाताशी येतात. 'स्पुत्निक' पण असाच फोडला: 'स' म्हणजे बरोबर, 'पूत' म्हणजे वाट, आपला पथ. वाटेतला सोबती. १९५७ चा उपग्रह पृथ्वीचा सोबती होता.

आता खोका. माणूस शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतो आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. त्यावरून पुढं १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकारानं कप्प्यांच्या खोक्याची पद्धत लोकप्रिय केली. माझा खोका मिठाईचा आहे, आत पुठ्ठ्याचे पाच कप्पे. कार्डावरचा शब्द आला की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्यात, मग ते चौथ्यात का असेना. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, असं करत शेवटचा महिन्यातून एकदा. मोबाइलवर 'अंकी' नावाचं अ‍ॅप हेच काम आपोआप करतं, अँड्रॉइडवर फुकट आहे, भाचा तेच वापरतो. मी हातानं करते, कारण कार्ड लिहिताना निम्मा शब्द तिथंच पाठ होतो. दुसऱ्यानं केलेली तयार कार्डं उतरवून घेणं म्हणजे मला तरी पुन्हा ती झेरॉक्सच वाटते.

कार्ड म्हणजे लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, कापून. पुढच्या बाजूला नेहमी मराठी, मागं रशियन. उलटं केलं तर नुसती ओळख पटते, शब्द तोंडात येत नाही. मागं आघाताच्या जागी लाल टिंब. आणि नाम कधीच एकटं लिहीत नाही, पुढं 'नवा' लावून लिहिते. रशियनमध्ये आपल्यासारखी तीन लिंगं आहेत आणि आपलं नवा-नवी-नवं म्हणजे त्यांचं नोवी-नोवया-नोवये. 'नोवी दोम' नवं घर, 'नोवया क्नीगा' नवं पुस्तक, 'नोवये अक्नो' नवी खिडकी. त्यांचं घर पुल्लिंगी, पुस्तक स्त्रीलिंगी, खिडकी नपुंसकलिंगी, एकाचंही आपल्याशी जुळत नाही. पण लिंग वेगळं पाठ करावं लागत नाही, जोडीनंच येतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला आधी लिंग म्हणजे काय इथपासून सुरुवात.

क्रियापदांच्या जोड्यांचंही तसंच. बहुतेक क्रियापदं दोन रूपांत येतात, चाललेलं काम आणि पुरं झालेलं. वर्गात यावर खूप वेळ गेला होता. मी कार्डावर लिहिलं: 'चितात' वाचणं, 'प्रचितात' वाचून काढणं, 'पीत' पिणं, 'वीपित' पिऊन टाकणं. काढणं-टाकणं आपण दिवसभर वापरतो, ते थेट नेऊन बसवलं. अगदी तंतोतंत नाही, पण सुरुवातीला पुरतं.

सध्या पहिल्या कप्प्यात ठाण मांडून बसलेत ते 'जाणं'. पायी जाणं वेगळं, वाहनानं वेगळं. आत्ता जातेय ते वेगळं, नेहमी जाते ते वेगळं. जाते-जातेय मराठीत आहे, तेवढी अर्धी बाजू येते. पायी आणि वाहनाची मात्र जिभेला सवयच नाही. म्हणून केएमटीच्या बसमध्ये बसले की मनात 'येदू', उतरून कारखान्याकडं चालायला लागले की 'इदू' म्हणते. परवा भाच्याला रशियनमध्ये कळवलं, दिवाळीला पुण्याला जाणार. उत्तर मराठीत आलं: "चालत? मग आत्ताच निघ."