दाराच्या चौकटीतलं स्टिकर

इथे अमेरिकेत आख्खं घर गाडीला बांधून फिरणारी माणसं दिसली की पहिली दोन वर्षं आम्ही नुसते हसायचो. मग आम्हीही एक ३४ फुटी कॅम्पर पसंत केला. स्वयंपाकघर, न्हाणीघर, मुलांना बंकबेड. सामानासकट वजन १३,००० पाऊंड, म्हणजे जवळजवळ ५,९०० किलो. कॅम्पर आधी ठरवला आणि ट्रक शोधायला नंतर निघालो, हे एक शहाणपण आम्हाला सुचलं. बरेच जण उलटं करतात आणि मग पस्तावतात.

इथे पिकअपना हाफ-टन, थ्री-क्वार्टर-टन, वन-टन म्हणतात. फोर्डचे १५०, २५०, ३५०, रॅमचे १५००, २५००, ३५००. ही नावं पूर्वी ट्रक किती वजन पेलायचे त्यावरून पडली; आजच्या ट्रकशी त्यांचा काही मेळ नाही.

शोरूममध्ये नवरा ६.७ लिटरच्या डिझेल थ्री-क्वार्टर-टनवर भाळला. विक्रेत्याचं एकच पालुपद, "कॅम्पर सहज ओढेल." ओढेल हो, पण पेलेल का? मी ड्रायव्हरचं दार उघडून वाकले. चौकटीवर स्टिकर होतं: माणसं आणि सामान मिळून २,२९० पाऊंडांच्या वर जाता कामा नये. तिथेच फोनवर हिशेब मांडला. आमचा कॅम्पर फिफ्थ-व्हील प्रकारचा, म्हणजे त्याचं नाक ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसावर टेकतं. वजनाचा साधारण पाचवा हिस्सा ट्रकच्या पाठीवर येतो: २,६००. कॅम्पर ट्रकला जोडायची लोखंडी हिच २००. आम्ही चौघं ६००. झाले ३,४००, आणि अजून एक बॅगही चढली नव्हती.

मजा अशी, की दोष त्या डिझेल इंजिनाचाच. या वर्गातल्या बऱ्याच ट्रकची भरलेल्या वजनाची, म्हणजे ट्रक अधिक भार मिळून, मर्यादा १०,००० पाऊंडांवर बांधलेली असते. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा काहीशे पाऊंड जड, आणि तो भार पेलण्याच्या आकड्यातून वजा होतो. तोच ट्रक पेट्रोलवर घेतला तर जास्त पेलतो. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तरी डिझेल मी सोडू दिलं नाही. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्याही वर आहे. तिथल्या विरळ हवेत इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या टर्बोचा उपयोग चढताना होतोच, पण माझा जीव अडकतो तो उतारात. एक्झॉस्ट ब्रेक लावला की इंजिनच गाडी मागे खेचून धरतं, ब्रेक तापत नाहीत. त्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी खडीचे चढाव बांधून ठेवलेत; ते पाहिल्यावर या बाबतीत वाद घालावासा वाटत नाही.

शेवटी वन-टन घेतला. मागे चार चाकांचा 'ड्यूअली' अजून पेलतो, पण रुंदी सुमारे आठ फूट, रोज पार्किंग कोण शोधणार? हौदा मात्र लांब, आठ फुटी घेतला, म्हणजे वळताना कॅम्परचं नाक केबिनच्या काचेवर येत नाही.

पहिल्याच सहलीला हायवेवरच्या ट्रक स्टॉपला काट्यावर चढलो. पुढचा आस, मागचा आस, कॅम्परचे आस, तिन्हींचं वजन वेगवेगळं छापून आलं. ट्रकवर अजून १८० पाऊंडांची जागा शिल्लक होती. नवरा लगेच जनरेटर घेऊ म्हणाला. पावती मी फ्रिजवर चिकटवून ठेवली आहे.