तुम्ही विचारलंत म्हणून: ड्राइव्हची टिक मी का काढतो

दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. "दादा, रिमोट डेस्कटॉप जोडून दिलंत, पण आत गेल्यावर माझ्या लॅपटॉपचा ड्राइव्ह दिसत नाही. आधीच्या माणसाने करून दिलं होतं तेव्हा दिसायचा." दिसायचा, बरोबर आहे. रिमोट डेस्कटॉप म्हणजे घरच्या लॅपटॉपवरून ऑफिसचा सर्व्हर चालवायची सोय, आणि त्यात ड्राइव्हची टिक असली की लॅपटॉपचे ड्राइव्ह सर्व्हरच्या आतही दिसतात. ती मीच बंद करतो. लोकल रिसोर्सेस, मोर, ड्राइव्ह्ज, टिक काढली, सेव्ह. विसरून नाही, मुद्दाम.

लोकांना वाटतं व्हायरसच्या भीतीने. ती भीतीही खरीच आहे, 2019 च्या मे मधे रिमोट डेस्कटॉपमधे ब्लूकीप नावाचं भोक निघालं तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक्सपीसारख्या कधीच बंद केलेल्या विंडोजलासुद्धा पॅच दिला होता. त्यासाठी मी 3389 पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, राउटरवर उघडा ठेवत नाही, व्हीपीएन म्हणजे आतला बंदिस्त रस्ता देतो. ड्राइव्हचं कारण वेगळं आहे आणि ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

2020 मधे लॉकडाऊन लागला तेव्हा सांगलीतल्या चार-पाच टॅक्स ऑफिसांना मी घरून काम सुरू करून दिलं. तेव्हा मी सगळ्या टिका मारायचो. क्लिपबोर्ड, प्रिंटर, सगळे ड्राइव्ह, कारण लोक घाबरलेले होते, रिटर्न भरायचे होते आणि मला दिवसाला तीस फोन यायचे, एक टिक कमी मारली की एकतिसावा फोन. या सगळ्या सेटिंग ज्यात असतात त्या .आरडीपी फाईलच्या कॉप्या मी सगळ्यांना पाठवल्या. ती फाईल नोटपॅडमधे उघडून बघा, ड्राइव्हच्या ओळीपुढे नुसती एक चांदणी (*) असते. चांदणी म्हणजे सगळं, जे आहे ते आणि उद्या पेनड्राइव्ह लावाल तेही.

त्यातल्या एका ऑफिसात एक अकाउंटंट ताई होत्या. दिवसा ऑफिसचं काम, रात्री स्वतःचं. एक किराणा, दोन मेडिकल, मार्केट यार्डातला एक हळदीचा अडत्या वगैरे मिळून सहा गिऱ्हाइकं त्यांनी स्वतःच्या हिमतीवर जमवली होती, त्यांचा टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा लॅपटॉपवर, डी ड्राइव्हमधे, 'डेटा' नावाच्या फोल्डरमधे. फोल्डर मीच करून दिला होता. ऑफिसच्या सर्व्हरवरही डी मधे 'डेटा' मीच केला होता, मला सगळीकडे तेच नाव द्यायची सवय. आत टॅलीचे फोल्डर, 10000, 10001, 10002. नावावरून कंपनी कुणाची ते काही कळत नाही.

डिसेंबरमधे सर्व्हरचा डी भरला. लाइव्ह डेटा मी ई वर हलवलेला होता, डी मधला जुनाच होता. मी ताईंना फोन केला, म्हटलं आत आहातच तर डी मधला 'डेटा' उडवून टाका. सर्व्हरचा डी असं म्हणालो की नुसतं डी, हे मी इतक्या वेळा आठवून पाहिलंय की आता काय खरं तेच कळत नाही. त्यांच्या डाव्या पट्टीत दोन डी होते, एक सर्व्हरचा आणि एक लॅपटॉपचा, आणि पट्टी अरुंद असली की 'डी ऑन लॅपटॉप' मधलं लॅपटॉप कापलं जातं.

त्या म्हणाल्या, "परमनंटली डिलीट करू का विचारतंय, हो करू?"

मी म्हणालो, "करा ना, रिसायकल बिनमधे ठेवून जागा कशी होणार?"

इथे मला थांबायला हवं होतं. लॅपटॉपवरून जोडलेल्या ड्राइव्हवरचं डिलीट रिसायकल बिनमधे जातच नाही, म्हणून तो प्रश्न येतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. मग त्या म्हणाल्या, "खूप वेळ लागतोय हो." सर्व्हरवरचं असतं तर भर्रकन झालं असतं, हे त्यांच्या घरच्या नेटवरून एकेक फाईल करत चाललं होतं. मी म्हटलं लागेल वेळ, आणि लाइनवर थांबलो. चार-पाच मिनिटांनी त्या म्हणाल्या, "झालं. पण जागा वाढली नाही, तेवढीच दाखवतंय."

मग दोघंही काही बोललो नाही.

लॅपटॉपला एसएसडी होती. त्याच रात्री जाऊन रिकव्हरी लावली, फाईलींची नावं सगळी आली, टॅलीच्या .900 वाल्या, आकारासकट, आणि आत नुसते शून्य. डिलीट केलेली जागा एसएसडी स्वतःच पुसून टाकते, त्याला ट्रिम म्हणतात, त्यामुळे ते होतंच. पेनड्राइव्हवरचा शेवटचा बॅकअप ऑगस्टचा. भरलेल्या जीएसटीआर-1 मधून, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमधून, बी टू बी (व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला दिलेली) बिलं मिळाली, खरेदी पोर्टलवरच्या 2बी या खरेदीच्या तक्त्यावरून जुळवली, पण मेडिकलची काउंटरवरची रोख विक्री, अडत्याने कुणाला किती उचल दिली, ते पोर्टलवर कुठून असणार? ताई दीड महिना रात्री बिलांचे गठ्ठे घेऊन बसल्या. अडत्या सोडून गेला, एक मेडिकलवाला पण.

त्यांनी मला एकदाही दोष दिला नाही. मी मात्र बराच काळ स्वतःला सांगत राहिलो की स्क्रीन त्यांच्यासमोर होती, मला दिसत नव्हती, बॅकअप त्यांनी घ्यायला हवा होता. यातलं खोटं काहीच नाही. पण चांदणी माझी होती, फोल्डरचं नाव माझं होतं आणि हो मीच म्हणालो.

तेव्हापासून ड्राइव्ह बंद. क्लिपबोर्ड चालू ठेवतो, फाईल कॉपी-पेस्टने जाते, तक्रार करणाऱ्यांनी आधी ते करून बघावं. सर्व्हरला लाल वॉलपेपर लावतो आणि एक्सपिरिअन्स टॅबमधे बॅकग्राउंड चालू ठेवतो, नेट थोडं जड झालं तरी चालेल, पण आपण कुठे बसलोय ते डोळ्याला दिसलं पाहिजे.

तरी हे बरोबरच आहे असं मी छातीठोक सांगणार नाही. मागे एका ऑफिसात ड्राइव्ह दिसत नाही म्हणून पोराने गिऱ्हाइकाची बॅलन्स शीट सर्व्हरवरच व्हॉट्सॲप वेब उघडून स्वतःलाच पाठवलेली मी पाहिली. ते बरं की चांदणी बरी? मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या महिन्यात ताईंचाच फोन आला. टॅलीतून एक्स्पोर्ट थेट लॅपटॉपवर घ्यायचंय, दादा, तेवढा ड्राइव्ह चालू करून द्या ना. मी त्यांच्या लॅपटॉपवर पाच जीबीचं वेगळं पार्टिशन काढलं, झेड नाव दिलं, चांदणी खोडून तेवढंच जोडलं. त्या म्हणाल्या पाच जीबी कमी पडेल. मी वाढवून दिलेलं नाही.