मोरपिसं, रुपयांचा हार आणि सामानाची यादी

शहाद्यात माझं पासपोर्ट-व्हिसाचं काम चालतं. गिऱ्हाईक ठरलेलं. केळी-पपईचे व्यापारी दुबईला, डॉक्टरकीची पोरं रशिया-जॉर्जियाला, म्हातारी माणसं मक्केला उमरा यात्रेला. बाहेरच्यांना वाटतं अर्ज भरणं अवघड असतं. अर्ज कोणीही भरतो. खरी मेहनत असते ती तीन कागदांवरची तीन नावं एकाच माणसाची आहेत हे पटवण्याची. पावरा आडनावाचं स्पेलिंग आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, बँकेत तिसरं. त्यात जन्मतारीख 1 जून. गुरुजींनी नाव घालताना टाकली ती टाकली. एका गटातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी पाहून परदेशी अधिकारी बिचकतो, म्हणून महाराष्ट्रातल्या शाळांची ही रीत समजावणारं एक पत्रच मी तयार ठेवलंय.

गेल्या वर्षी धडगावकडच्या एका पावरा गटाचं काम आलं. इंग्लंडमधल्या एका संग्रहालयाने बोलावलं होतं. सातपुड्यातल्या लोकांनी यावं, आपली संस्कृती आणि इतिहास स्वतःच्या तोंडाने सांगावा, असं पत्र. गटात गावचे पुजाराबाबा, ढोलवाले, पावरी वाजवणारा एक जण, गाणाऱ्या एक मावशी आणि सगळ्यांना सांभाळायला गावातलाच एक तरुण शिक्षक.

व्हिसाच्या अर्जात आईवडिलांची जन्मतारीख विचारतात. महिन्याला किती कमावता, किती खर्चता, तेही विचारतात. बाबांकडे वनहक्काचा पट्टा आहे, 2006च्या कायद्याखाली मिळालेला. ती जमीन विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, म्हणून बाजारात तिला किंमत नाही. अर्जातल्या मालमत्तेच्या रकान्यात ती बसेना. माणूस परत येणार याची खात्री पटेल असं काहीतरी अधिकाऱ्यापुढे ठेवावं लागतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "पेरणी कोण करेल, भाऊ? तू करशील?" मी पट्ट्याचं भाषांतर करून जोडलं, सोबत पिकांची माहिती लिहिली. पिढ्यानपिढ्या एकाच डोंगरावर राहिलेला माणूस परत येईल का, हा प्रश्न ज्या देशाने सगळ्या जगभर ठाणी मांडली त्याने विचारावा, याचा मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. असो, व्हिसे मिळाले.

मनातून जात नाही तो त्यानंतरचा दिवस, सामानाची यादी करायचा.

वाद्यं-पोशाख परदेशात न्यायचे आणि परत आणायचे तर कार्नेट काढतात. तो सामानाचा पासपोर्टच. आपल्याकडे फिक्की ही संस्था देते, एक वर्ष चालतो, वर तारण ठेवावं लागतं. यादीत प्रत्येक वस्तूचं वर्णन, नग, वजन, किंमत. यादीत एक आणि पेटीत दुसरं निघालं तर विमानतळावर सगळा गट अडकतो, म्हणून मी वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहीत नाही. मुंबईतले काही एजंट फोनवर विचारून याद्या बनवतात. अडकतो तो कलावंत, एजंटाचं काही जात नाही.

मंडळी चांदसैली घाट उतरून सामान घेऊन आली. दुकानातली टेबलं बाजूला सारली, सतरंजी पसरली. आधी ढोल. शिवणीच्या खोडाचा, बकऱ्याच्या कातड्याचा, काठावर हात लागून लागून काळा पडलेला. वजन केलं. किंमत विचारली तर ढोलवाला म्हणाला, "विकायचा नाही तर किंमत कशाला?" समजावलं की हरवला तर भरपाई याच आकड्यावर मिळते. तो बराच वेळ ढोलाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तू टाक काही." पावरी कापडात गुंडाळून आणली होती. बांबू, वाळलेला दुधी, पुढे भोंगा. मेणाने जोडलेली जागा मी तीन बाजूंनी फोटोत घेतली, कारण तिथेच मोडते.

मग बाबांनी पोतं उघडलं आणि मोरपिसांचा टोप बाहेर काढला.

होळीत काठी गावात, धडगावकडे, गावोगावी बावा-बुध्या नाचतात त्यांच्या डोक्यावर तो असतो. खाली बांबूच्या कामट्यांचं कडं, त्यात पिसं एकाआड एक उभी खोचलेली, बुडाशी रंगीत कागद आणि आरसे. कमरेला वाळलेले दुधी आणि घुंगरं. ज्याने नवस केला त्यानेच हे घालायचं. तेवढे दिवस जमिनीवर निजायचं, खाटेवर बसायचं नाही, अंघोळ नाही, बाईच्या हातचं खायचं नाही. संग्रहालयाने इंटरनेटवरचा याच नाचाचा फोटो पाठवून लिहिलं होतं, असंच हवं.

मला सांगावं लागलं की हे जाणार नाही. मोर 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. गळून पडलेली पिसं देशात ठेवता येतात, विकताही येतात, पण पिसं किंवा पिसांची वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे. ही बंदी मला चुकीची वाटत नाही. ती उठली तर सातपुड्यात मोर उरणार नाही.

संग्रहालयाला कळवलं. दुपारीच उत्तर आलं: रंगवलेली कोंबड्याची पिसं किंवा कृत्रिम पिसं चालतील, प्रेक्षकांना फरक कळणार नाही. शिक्षकाने ते पावरी बोलीत सांगितलं. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "हे मी दाखवायला आणलं होतं, घालायला नाही. आता होळी आहे का?" पोत्याचं तोंड बांधलं आणि बाजूला ठेवलं.

एवढ्यावर दिवस संपला असता तर हे लिहायला बसलो नसतो. शेवटी मावशींचे दागिने राहिले होते. हासडी, बाहट्या, कडी. सोनाराचा वजनाचा दाखला आणि फोटो जोडून विमानतळावर कस्टमकडून प्रमाणपत्र घेतलं की परत येताना त्रास होत नाही. पण गळ्यात रुपयांचा हार होता. चांदीचे कलदार रुपये, पाठीला डाग देऊन कड्या बसवलेले, मधले घासून गुळगुळीत, कडेच्यांवर व्हिक्टोरिया राणी आणि पंचम जॉर्ज अजून ओळखू येतात. भिंग लावून सालं वाचली. सगळे शंभर वर्षांवरचे.

शंभर वर्षांवरचं नाणं म्हणजे पुरावशेष. त्याचाही कायदा 1972चाच. अशी वस्तू सरकार किंवा सरकारने नेमलेली संस्थाच बाहेर नेऊ शकते. दिल्लीला पुरातत्त्व खात्याच्या ओळखीच्या माणसाला मी तिथूनच फोन लावला. "गळ्यातला असला तरी?" तो म्हणाला, कायद्यात गळा वेगळा काढलेला नाही. मूर्तिचोरांसाठी हा कायदा हवाच, हे मला मान्य आहे. पण बहात्तरच्या दुष्काळात मावशींच्या सासूने, घरात दाणा नसताना, जो हार सोनाराकडे मोडला नाही, तो त्याच सालच्या कायद्याने जमिनीतून उकरलेल्या मडक्याच्या रांगेत बसवला.

मावशींना म्हटलं, हार घरी ठेवा, बाकीचे दागिने घाला. त्यांनी हार पदराखाली सारला. "हार घरी, तर मी पण घरी." शिक्षकाने समजावलं, बाबांनी समजावलं. विमान, इंग्लंड, सगळं सांगून झालं. त्या चहा प्यायल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या. त्यांच्या पुतणीचा पासपोर्ट आधीच होता, तिचा व्हिसा धावपळ करून काढला. पण याहामोगी देवीची रात्रभर चालणारी गाणी मावशींना येतात. पोरीला सुरुवात तेवढी येते.

पुढचं शिक्षकाकडून ऐकलं. टोप नाही म्हटल्यावर नाचाची वेळ कमी झाली आणि ती बाबांनी बोलायला घेतली. पत्रात 'इतिहास' लिहिलेलं त्यांनीच लक्षात ठेवलं होतं. 1825 साली औट्राम साहेबाने भिलांना आवरायला भिलांचीच पलटण उभी केली, इथून त्यांनी सुरू केलं. सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक 1857 साली कसा उलटला, अंबापाणीच्या लढाईत काय झालं, ते सांगितलं. 2 मार्च 1943ला रावलापाणीत इंग्रजांच्या पोलिसांनी लोकांवर गोळ्या झाडल्या त्याच्या खुणा खडकात आहेत, त्यावर बोट ठेवल्यासारखं बोट हवेत ठेवलं. मग सरदार सरोवर धरण, मणिबेलीपासूनची महाराष्ट्रातली 33 गावं, पाण्याखाली गेलेली गावठाणं. आयोजकांपैकी एकाने घड्याळ दाखवलं, तेव्हा लोकांनीच त्यांना बोलू द्या म्हणून सांगितलं. शिक्षक हे सांगताना दोनदा थांबला.

मला त्याचा आनंद झाला, खूप झाला. तरीही हिशेब जुळत नाही. टोप अडला म्हणून बाबांना बोलायला मिळालं, आणि हार अडला म्हणून मावशी आणि त्यांची गाणी इथेच राहिली. यातलं काहीच त्या लोकांनी ठरवलेलं नव्हतं. माझ्या टेबलावर ठरलं.

आता पुन्हा बोलावणं आलंय, आणि पुन्हा 'पूर्ण पोशाखात' हे शब्द आहेत. मी कळवलंय की टोप बघायचा असेल तर होळीला धडगावला या, राहायची सोय गाव करेल. बाबांच्या बोलण्याला वेळ किती, ते आधी लेखी द्या. दुसरं पत्र पुरातत्त्व खात्याला: रोजच्या वापरातले, अंगावरचे दागिने, नेणारीच परत आणणार, फोटो आणि वजन देतो, तात्पुरती परवानगी मिळेल का? सोबत हाराचे दोन्ही बाजूंचे फोटो लावलेत. दिल्लीचं उत्तर आलेलं नाही. पुढच्या आठवड्यात पोच दाखवून पुन्हा विचारणार आहे, कारण मावशी दर बाजाराच्या दिवशी शिक्षकाला विचारतात.