तुम्ही विचारलंत म्हणून: भाकड म्हैस कुठे आहे?

मी गुरांची डॉक्टर आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘मग तुम्ही स्वतः दूध कुठलं घेता? अंडी? आणि चिकन-मटणाला एखादा भरवशाचा माणूस सांगा ना, जनावरं नीट सांभाळणारा.’ इंदूरच्या मराठी घरांतून हल्ली हे फारच विचारलं जातं. मुलं पुण्या-बंगळूरहून सुट्टीला येतात आणि पाकिटावरची बारीक अक्षरं आईला वाचून दाखवतात, त्याचाही हा परिणाम असावा.

पत्ता मी कुणालाच देत नाही. आज उत्तम असलेला गोठा दोन वर्षांनी तसाच राहील, याची हमी मी कशाच्या जोरावर घेऊ? पण एक प्रश्न देते. विकणाऱ्याला विचारा, जे जनावर तुम्हाला आज काहीच कमवून देत नाही, ते कुठे आहे?

दुधाचंच बघा. म्हैस व्याली की नऊ-दहा महिने दूध देते, मग काही महिने भाकड असते. त्या काळातही ती खाते, पाणी पिते, आजारी पडते. तिची निम्मी पिल्लं नर असतात आणि रेड्याचं काम ट्रॅक्टरने कधीच काढून घेतलं. गोठ्यात दहा दुभत्या म्हशी ओळीने उभ्या आहेत, पण भाकड एकही नाही आणि रेडकू औषधालाही दिसत नाही, असं चित्र असेल तर तुम्हाला मिळणाऱ्या दुधाचा हिशोब अर्धाच सांगितला जातोय. भाकड म्हैस विकून ताजी व्यालेली आणायची आणि रेडकाला पोटभर दूध मिळू द्यायचं नाही, हा शहरालगतच्या धंद्यातला जुनाच प्रकार आहे. रेडकू मेलं की पुष्कळ म्हशी पान्हा चोरतात. मग पान्हा सोडायला लावणाऱ्या ऑक्सिटोसिनची सुई येते. रोज सुई टोचून दूध काढणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेच गुन्हा ठरतं, तरी ती येते. लोक मला विचारतात ‘दुधात इंजेक्शन आहे का हे घरी कसं तपासायचं?’ तपासणी कशाला? गोठ्यात जा आणि धार काढायच्या वेळी रेडकू सोडतात का ते बघा.

गायीच्या बाबतीत प्रश्न आणखी अवघड. मध्य प्रदेशात २००४च्या कायद्याने गोवंशाच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे गोऱ्हा जन्मला की त्याचं काय करायचं हे गवळ्याला खरोखरच कळत नाही. बरेच गोऱ्हे शेवटी उज्जैन रोडसारख्या रस्त्यांवर रात्री ट्रकच्या उजेडात बसलेले दिसतात. जो गवळी म्हणतो, ‘बाई, तीन गोऱ्हे आहेत, त्यांचा खर्च दुधावरच काढतो, म्हणून भाव जास्त,’ त्याला तो भाव द्या. हा जास्तीचा पैसा कुठे जातो हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतं.

याउलट बाटलीवर ‘ए-टू’ छापलंय म्हणून दुप्पट पैसे मोजण्यात मला राम दिसत नाही. तो दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार आहे. जनावर कसं सांभाळलं याच्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि आपल्या म्हशीचं दूध तर जवळपास सगळंच ए-टू असतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४मध्ये हा दावा पाकिटांवरून काढायला सांगितलं आणि काही दिवसांतच ती सूचना मागेही घेतली. तेव्हा त्या अक्षरांवरून भांडू नका.

आणि हो, सहकारी संघाच्या साध्या पाकिटाला नाक मुरडू नका. त्यातलं पुष्कळ दूध दोन-चार जनावरं असलेल्या घरांतून गावच्या समितीत येतं. त्या घरांत जनावर गव्हाचा भुसा आणि शेताच्या बांधावरचं गवत खातं, आणि शेण शेतातच जातं. काचेच्या बाटलीतल्या फार्मच्या दुधापेक्षा ते पर्यावरणाला कमी सोसणारं आहे, असं मी डोळे मिटून म्हणणार नाही.

शेण कुठे जातं, हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे. इंदूरकरांनी तर तो विचारायलाच हवा. १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथेच होते, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर. शेतातला काडीकचरा, शेण आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती यांचे थर देऊन खत करायची त्यांची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. शेण नाल्यात सोडणारा गोठा कितीही चकचकीत असला तरी त्याच्या दुधाला ‘शुद्ध’ म्हणताना माझी जीभ अडखळते.

औषधांचं थोडक्यात सांगते. ‘आम्ही अँटिबायोटिक देतच नाही’ असं कुणी छातीठोकपणे म्हटलं की मी सावध होते. कासदाह झालेल्या म्हशीला औषध न देणं हा छळ आहे. चांगलं उत्तर असं असतं: ‘गरज पडली की देतो, आणि तेवढ्या दिवसांचं दूध विकत नाही.’ औषधाच्या वेष्टनावर हे दिवस लिहिलेले नसतील तर नियमाने दूध आणि अंड्यांसाठी किमान ७, आणि मांसासाठी किमान २८ दिवस थांबावं लागतं. कोंबड्यांना वाढीसाठी कोलिस्टिन चारायची पद्धत होती. माणसाच्या गंभीर आजारात डॉक्टर शेवटी ज्याच्याकडे वळतात तेच हे औषध, म्हणून २०१९मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं.

आता अंडी. तपकिरी कवच म्हणजे गावरान, पिवळाधम्मक बलक म्हणजे सकस, हे दोन्ही सोडून द्या. कवचाचा रंग जातीवर आणि बलकाचा खाद्यावर ठरतो, आणि खाद्यात मका किंवा झेंडूचा अर्क घालून बलक हवा तसा रंगवता येतो. झाबुआच्या कडकनाथ जातीच्या कोंबडीची अंडी काळी असतात असं सांगून विकणारे तर सरळ फसवतात. कोंबडी काळी, मांस काळपट, हाडंसुद्धा काळपट, पण अंडं फिकट बदामीच.

इथेही विचारायचं तेच. कोंबडे कुठे आहेत? अंड्यांच्या कारखानी जातीत नर पिल्लाला काही किंमत नसते, ते जन्मल्या दिवशीच मारतात. जर्मनीने २०२२पासून त्यावर बंदी घातली, आपल्याकडे तशी बंदी नाही. भिल्लांच्या अंगणातल्या कडकनाथमध्ये कोंबडाच जास्त भावाने जातो. पण त्याला सव्वा-दीड किलोचा व्हायला सहा महिने लागतात आणि कोंबडी वर्षाला जेमतेम शंभर अंडी देते. कारखान्यातली पांढरी लेगहॉर्न जातीची कोंबडी तीनशेच्या वर देते. तेव्हा ‘अस्सल कडकनाथ’ कुणी ब्रॉयलरच्या भावात देत असेल तर हात जोडून पुढे चला. २०१८मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर नकलांनाही ऊत आला.

ब्रॉयलरला मी सरसकट वाईट म्हणत नाही. तो पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो, दाणा कमी खातो, आणि हवामानाच्या हिशोबात रवंथ करणाऱ्या जनावरांपेक्षा किलोमागे बराच हलका पडतो. त्याचा दाणा म्हणजे मुख्यतः मका आणि सोयाबीनची डीओसी, तेल काढून उरलेली पेंड. अख्ख्या माळव्यात खरिपात सोयाबीनच सोयाबीन दिसतं ना, त्यातलं तेल जातं आपल्या कढईत आणि बरीचशी पेंड कोंबडीच्या पोटात. आमच्या शेजारच्या कट्टर शाकाहारी काकूंना हे सांगितलं तेव्हापासून त्या माझ्याशी जरा जपून बोलतात. ब्रॉयलर घ्यायचाच तर शेडमध्ये दाटी किती आहे आणि भुश्याची गादी कोरडी आहे का, एवढं बघून घ्या. ओल्या गादीच्या अमोनियाने माझे तर दारातच डोळे चुरचुरतात. पक्षी त्यातच जगतो.

राहिलं मटण. बकरीच्या धंद्यात माझ्या प्रश्नाला आपोआप उत्तर मिळतं. विकायला बोकड जातो, बकरी पिल्लांसाठी राहते, वाया कुणीच जात नाही. निमाडातल्या भूमिहीन घरांत दोन-तीन बकऱ्या असतात, त्या झाडपाला खाऊन वाढतात आणि अडीनडीला विकल्या जातात. हवा तापवणारा मिथेन वायू बकरीही सोडते, पाला अति खाल्ला तर टेकडी बोडकी होते, हे आहेच. तरी इथे मिळणाऱ्या मांसात मला हेच त्यातल्या त्यात बरं वाटतं. कसायाला विचारा, माल बाजारातून घेता की गावातून, आणि कुठल्या. नेहमीचं गिऱ्हाईक असाल तर तो सांगतो. रविवारी सकाळी मात्र विचारू नका, त्या गर्दीत त्याला मान वर करायलाही फुरसत नसते. बुधवारी दुपारी जा.