ट्रॅव्हलर कॅम्पर: बॅटरीवरचा एसी अखेर ठरला

फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनची आत झोपता येईल अशी कॅम्पर गाडी करतोय. पत्र्याला आतून उष्णता रोखणारं २५ मिलिमीटरचं नायट्राइल रबर लावून झालं, त्यावर प्लाय बसला. आता छताला भोक पाडायचं, म्हणजे त्याआधी एसीचा निर्णय हवा. तो झाला: छतावर बसणारा, २४ व्होल्ट डीसीवर थेट चालणारा, कमीजास्त वेगाच्या कॉम्प्रेसरचा. ज्याला विचारावं तो "किती टनाचा घेतोस?" इथूनच सुरुवात करतो. गोव्यात हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा, पहिला दमटपणाचा, असं माझं मत झालंय, म्हणून हिशेब मांडतो.

मे महिन्यात पणजीचं तापमान दुपारी ३३-३४ च्या आसपास असतं. नागपूरकर हसतील. पण रात्री ते २६-२७ च्या खाली उतरायला तयार नसतं आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो) २५ अंशांच्या आसपास मुक्काम ठोकून असतो. अशा एका घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाण्याची वाफ असते. गाडीत २६ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता हवी असेल तर ती १३-१४ ग्रॅमवर आणावी लागते. म्हणजे आत येणारी हवा घनमीटरमागे दहा ग्रॅम पिळून घ्यायची. एक लिटर पाणी असं हवेतून काढायला सुमारे ६८० वॅट-तास कूलिंग खर्च होतं आणि तेवढ्यात तापमान एक अंशानेही उतरलेलं नसतं.

माझ्या गाडीत आतली जागा साधारण १२ घनमीटर. दोन माणसं झोपणार, तर हवा तासाला दोनदा तरी बदलली पाहिजे. सगळ्या फटी बंद करून झोपणाऱ्यांचं डोकं सकाळी जड का होतं ते वेगळं सांगायला नको. त्या हवेतून तासाला २४० ग्रॅम पाणी, दोघांच्या श्वास-घामातून आणखी ८० च्या आसपास. आठ तासांत अडीच लिटर धरा. त्याचं कूलिंग १,७०० वॅट-तास. भिंती-छतातून झिरपणारी उष्णता, माणसांची ऊब, छोटा फ्रीज मिळून तासाला साडेतीनशे, आठ तासांचे २,८००. एकूण साडेचार हजार, म्हणजे रात्रभर सरासरी ५६० वॅट कूलिंग. एक टन म्हणजे १२,००० बीटीयू, म्हणजे ३,५०० वॅट! रात्री आपल्याला त्याच्या सहाव्या हिश्श्याचीही गरज नाही.

मग मोठं मशीन काय करतं? दहा मिनिटांत आकडा गाठतं आणि बंद होतं. बंद झाल्यावर पंखा चालू राहिला तर कॉइलवर, म्हणजे आतल्या गार नळ्यांच्या जाळीवर, साठलेलं पाणी पुन्हा हवेत सोडतो. थर्मामीटर २४ दाखवतो आणि चादर ओलसर लागते. पावसाळ्यात गोव्यातल्या लॉजमध्ये झोपलेल्या कुणालाही हा अनुभव असेल. म्हणून मी ब्रोशरमध्ये सर्वांत मोठा आकडा बघणं सोडून सर्वांत छोटा शोधायला लागलो: कॉम्प्रेसर किती हळू चालू शकतो, तेव्हा किती वॅट खातो. हा आकडा बहुतेक ब्रोशरमध्ये नसतोच. विक्रेत्याला विचारलं तर तो पुन्हा टनावर येतो.

यात एक मेख आहे. कॉम्प्रेसर मंद झाला आणि पंखा मात्र जोरात राहिला, तर कॉइल पुरेशी गार राहत नाही आणि पाणी धरत नाही. पंख्याचा वेग वेगळा कमी करता येतो का, हे दुकानात रिमोट हातात घेऊन तपासा. २०२० पासून आपल्याकडे स्टार लेबलवाले घरगुती एसी चालू होताना २४ अंशांवर येतात. गाडीत मी २६ आणि मंद पंखा ठेवणार आहे.

डिचोलीच्या मित्राच्या गाडीवर २४ व्होल्टचा असा एसी आहे. ती गाडी आमच्या अंगणात रात्रभर ठेवून क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा चिमटा) लावला. संध्याकाळी तापलेली गाडी गार करताना ७०० वॅटच्या आसपास, मध्यरात्रीनंतर २३० वर स्थिर. ड्रेनच्या पाइपखाली बादली ठेवली होती, त्यात सकाळी दोन लिटरच्या वर पाणी. कागदावरचा हिशेब आणि बादली इतकी जवळ येतील असं वाटलं नव्हतं. सौ.ने आत झोपून एकच प्रश्न विचारला होता, "अहो, हा आवाज रात्रभर असाच राहणार का?" मंद झाल्यावर राहिला नाही, त्यामुळे घरची मंजुरीही मिळाली.

बाकीचे पर्याय का गळाले ते थोडक्यात. घरगुती इन्व्हर्टर स्प्लिट सर्वांत स्वस्त, दुरुस्ती म्हापशापासून काणकोणापर्यंत कुठेही. पण त्यासाठी बॅटरीच्या विजेचे २३० व्होल्ट करणारा वेगळा इन्व्हर्टर रात्रभर चालू ठेवावा लागतो आणि तो स्वतःही थोडी वीज खातो. शिवाय चोर्ला घाटातल्या हादऱ्यांनी तांब्याच्या नळ्यांचे फ्लेअर जॉइंट ढिले पडून गॅस जाण्याची धास्ती. बसवून खूश असलेले लोक आहेत, मला ती जोखीम नको. स्वतःची बॅटरी घेऊन येणारे पोर्टेबलही बघितले. इकोफ्लोचा वेव्ह २ घ्या: ५,१०० बीटीयू, म्हणजे दीड किलोवॅट कूलिंग, रात्रीसाठी भरपूर. पण जोडीची बॅटरी १,१५९ वॅट-तासांची. २५० वॅटच्या हिशेबाने साडेचार तास. या जातीत एकच पाइप असलेले स्वस्त मॉडेल तर आपल्याकडे घेऊच नका. ते आतली हवा बाहेर फेकतात, तेवढीच दमट हवा फटींतून आत येते आणि मशीन समुद्र वाळवत बसतं.

१२ की २४ व्होल्ट, यावर फार वाद नको. ७०० वॅटला १२ व्होल्टवर ५८ अँपिअर, २४ वर २९. करंट निम्मा झाला की त्याच केबलमधला नाश चौथाई होतो. ट्रकच्या पार्किंग एसीमुळे २४ व्होल्टची मशीन मिळतातही सहज. (१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, पण उभ्या ट्रकमध्ये इंजिन बंद ठेवून चालणारा हा प्रकार वेगळा.) ट्रॅव्हलरची मूळ वायरिंग १२ ची, त्यामुळे मधे १२ ते २४ चा डीसी-डीसी चार्जर आलाच.

बॅटरी एलएफपीच (लिथियम आयर्न फॉस्फेट), ३.२ व्होल्ट २८० अँपिअर-तासांचे आठ सेल. ७,१६८ वॅट-तास होतात, त्यातले ऐंशी टक्के वापरायचे. रात्रीचे दोन हजार एसीला, फ्रीज-दिवे वेगळे. ऊन नसलं तरी दोन रात्री निघतात. सेलचं वजन ४३ किलोच्या आसपास. पेटी पलंगाखाली, इंजिनपासून लांब, कारण ४५ अंशांच्या वर चार्जिंग या सेलना मानवत नाही. सोलरवर भिस्त नाही. ५४५ वॅटचं एक पॅनेल एप्रिलमध्ये दिवसाला दोन युनिटं देईल, आषाढात त्याहून बरीच कमी. शिवाय इथे सावली म्हणजे माड, आणि माडाखाली पॅनेल लावलेली गाडी उभी करायची छाती माझी नाही. घाट चढून कोल्हापूरपर्यंत गेलं की २० अँपिअरचा चार्जर चार-पाच तासांत दोन युनिटं भरतो, तोच खरा आधार.

खाऱ्या वाऱ्याचा विचार आमच्या फोंड्यात कमी, पण गाडी मोरजी-आगोंदच्या किनाऱ्यावर उभी राहणारच. कॉइलवरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांना पांढरी भुकटी धरते, म्हणून कोटिंग असलेली कंडेन्सर कॉइल (उष्णता बाहेर टाकणारी) घेतली आणि किनाऱ्यावरून परतलं की गोड्या पाण्याने हलकेच धुवायचं ठरवलंय. आरटीओतल्या नोंदणीच्या बदलावर स्वतंत्र लिहीन, तो विषय दोन ओळींत आवरणारा नाही.

फॅब्रिकेटर चवथीआधी छत कापून चौकट बसवेल. तोवर ज्यांच्या गाडीवर २४ किंवा ४८ व्होल्टचा छतावरचा एसी आहे त्यांनी रात्री दोननंतर क्लॅम्प मीटर लावून किमान वॅट मोजा आणि ड्रेनचं पाणी किती निघालं ते कळवा. मॉडेलसकट तक्ता मी करतो.