आज एक वळण घेतलं

७ महिन्यांनी आज बाइक बाहेर काढली. मांडीत सळई, मनगटात दोन स्क्रू आणि पोटात गोळा, अशी आमची वरात.

अर्धा तास नुसते रिकाम्या मैदानात पहिल्या गिअरवर आठचे आकडे काढले. क्लच अर्धा सोडलेला, मागचा ब्रेक किंचित दाबलेला. हँडल इतकं आवळलं होतं की बोटं बधिर झाली. असं घट्ट धरलं की गाडीला स्वतःला सावरता येत नाही, हे मला पाठ आहे. पण खांदे ऐकतील तर ना!

मग पुढचा ब्रेक. पडलो तेव्हा ओल्या रस्त्यावर मी तोच झटक्यात दाबला होता. तेव्हापासून उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्या लिव्हरची धास्तीच घेतलीये. पण थांबवायचं बरंचसं काम पुढचंच चाक करतं, कारण ब्रेक लागताच वजन पुढे येतं. म्हणून आधी हलकेच दाबायचं, पुढचे शॉकअप दबले की मग जोर. ताशी २० च्या वेगाने दहा वेळा, मग ३० ने. मध्येच कधीतरी लक्षात आलं, आपण श्वास घेतोय.

शेवटी रस्त्यावरचं एक डावं वळण. कडेला खडी दिसली, नजर तिथेच चिकटली आणि गाडीही तिकडेच निघाली. नजर उचलून वळणाच्या टोकाकडे नेली, तशी मुकाट वळली.

हेल्मेट काढलं तर आतून चिंब. बायको दारातच उभी. "झालं समाधान?"

उद्या परत जाणार आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.